चौथ्या गुरुवारचा कॅम्प

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरच्या गाडीत चढताना महिपतीला कुणीतरी मागून उचललं. विचारलं नाही, हाक मारली नाही. काखेत दोन हात आले, कुबडी पायरीवर आपटली, क्षणभर दोन्ही पायांखाली काहीच नव्हतं, आणि मग तो गाडीच्या आत होता. वळून पाहिलं तर एक धिप्पाड, टोपीवाला, हसरा माणूस. "बसा पावनं," तो म्हणाला आणि आपली पिशवी घ्यायला पुन्हा खाली उतरला. महिपती हसला. "लई उपकार झालं," असंही म्हणाला. खिडकीजवळची जागा मिळाली, गाडी सुटली, भवानीनगर येऊन गेलं, दोन्ही बाजूंना उसाचे तुरे लागले, तरी काखेतले ते दोन हात तसेच होते. गरम, कोरडे, भल्या माणसाचे हात. त्या माणसाचा त्याला राग आला नव्हता. राग आला होता तो आपल्या हसण्याचा. डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली की धडधाकट माणसाचा पाय आपोआप उडतो. महिपतीचा उजवा पाय उडत नसे, त्याच्याऐवजी हे हसू उडायचं. कुणी उचललं की हसू. एकोणतीस वर्षांत किती जणांनी उचललं असेल, असं त्याच्या मनात आलं आणि नको नको म्हणत तो मोजायला लागला. पहिली आई, आक्काबाई. तिसऱ्या वर्षी ताप आला तेव्हा म्हस्कूचा, म्हणजे त्याच्या बापाचा, मेंढरांचा फिरता वाडा घाटापलीकडं उतरलेला होता. ताप गेला आणि जाताना पाय घेऊन गेला, आणि आक्काबाईनं त्याला कडेवर घेतलं ते पार गावी, निरवांगीला, येईपर्यंत खाली ठेवलं नाही. मग थोरली बहीण सारजा, शाळेपर्यंत पाठीवर. मग गुरुजी, बक्षीस घ्यायला स्टेजवर. दवाखान्यातले वॉर्डबॉय. लग्नातले मामे, जेवणाच्या पंगतीपर्यंत. उचलणाऱ्याला वाटतं, एवढंसं तर काम. उचलला जाणारा मात्र प्रत्येकाच्या घामाचा वास ओळखतो, तंबाखूचा, खोबरेल तेलाचा, कुणाच्या छातीत श्वास घरघरतो ते. आणि त्यातलं काही ओळखत नसल्यासारखा हसतो.

मांडीवरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते. वाहन विकल्याची सूचना, नाव बदलून मिळण्याचा अर्ज, विम्याचा कागद, जिल्ह्याच्या डॉक्टरांचा दाखला, शिकाऊ परवाना. यातले पहिले दोन कागद त्यानं स्वतःच जुळवलेले होते. भिगवण रस्त्यावरच्या छापखान्यात तो सात वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेची कार्डं, आणि इंदापूरच्या बापूसाहेब एजंटासाठी आरटीओचे हे फॉर्म, पाच-पाचशेच्या गठ्ठ्यानं. ओळी उलट्या वाचायची त्याला इतकी सवय की 'मालकाचे नाव' आणि त्यापुढची टिंबं तो उजवीकडून डावीकडे झोपेतही म्हणू शकला असता. जानेवारीत बापूसाहेबांनी वर्षाचं कॅम्पचं पत्रकही छापून घेतलं होतं. पुण्याचे साहेब तालुक्याला येणार: इंदापूर, शासकीय विश्रामगृह, दुसरा आणि चौथा गुरुवार. महिपतीनं ते पत्रक जुळवलं, प्रूफ काढलं, आणि एक कागद जास्तीचा काढून घडी करून खिशात ठेवला. छापखान्यात सात वर्षांत त्यानं केलेली ती पहिली चोरी.

महिपती विकत घेत होता ती स्कूटर आबासाहेबांची होती. आबासाहेब इंदापूरचे, निवृत्त ग्रामसेवक. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तशी स्कूटर अंगणात गोणपाटाखाली उभी राहिली. गिअर नव्हते, पायाचा ब्रेक नव्हता, किकही मारावी लागत नसे. बटण दाबलं की चालू. लोणी देवकरच्या एका वर्कशॉपात ट्रॉल्यांचं वेल्डिंग करणारा भीमा हा महिपतीचा शाळेतला दोस्त. तोच एकदा म्हणाला होता, "मागच्या चाकाला दोन बाजूंनी दोन बारकी चाकं लावतो की तुला. पडायचा सवालच न्हाय." व्यवहार ठरला, सगळं सुरळीत झालं, आणि महिपतीनं एकच गोष्ट मागितली, की गाडी आधी नावावर व्हायला पाहिजे. त्यावर जो तो त्याच्याकडं असं बघायला लागला, जसं जेवायला बसलेल्या माणसानं ताटाची पावती मागावी. आबासाहेब म्हणाले, नावाचं काय घेऊन बसलास, तुझीच समज. छापखान्याचे मालक म्हणाले, चालव बिनधास्त. आक्काबाई म्हणाली, पडशील. कागदाविषयी तिला काही म्हणायचंच नव्हतं. आणि बापूसाहेब, ज्यांचं पोटच कागदांवर, ते फॉर्मचा गठ्ठा मोजता मोजता हसले होते. "म्हैपती, तुला कोण अडवतंय? हवालदार उलट हात करून वाट दील. येडा का खुळा तू? नाव, मग चाकांची नोंद, मग परवाना, पाच खेपा हुत्याल कॅम्पच्या. वर्स जाईल."

"तीन खेपा," महिपती म्हणाला होता. "कॅम्पला सायेब तिन्ही कामं बघत्यात. पत्रक मीच जुळवलंय." पण मनात अडकलं होतं ते दुसरंच वाक्य. तुला कोण अडवतंय. रात्रंदिवस ते डोक्यात फिरत राहिलं. हमरस्त्यावर हवालदार ट्रकला हात करतो, जीपला करतो, दूधवाल्याच्या मोटारसायकलला करतो. ते थांबतात, चिडतात, कागद काढतात, हुज्जत घालतात, दंड भरतात. आणि महिपती समोरून आला तर हात खाली. त्याच्यासाठी कायदासुद्धा कडेला सरकून उभा राहणार, कनवाळूपणे. हे त्याला कुणाला समजावून सांगता आलं नसतं. त्याला रस्त्यावर जायचं होतं ते थांबवता येईल असा माणूस म्हणून.

इंदापूरला उतरून विश्रामगृहाच्या आवारात पोहोचला तेव्हा अकरा वाजले होते. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, टेंपो, जीपा, आणि लिंबाखाली बापूसाहेबांचं टेबल. आबासाहेबांनी सही करायला साडेअकराला यायचं कबूल केलं होतं. बारा वाजले, एक वाजला, दीड झाला. साहेब तीनला उठणार होते. पावणेदोनला महिपतीनं कुबडी काखेत घट्ट धरली आणि निघाला. आबासाहेबांचं घर गावाच्या पलीकडच्या टोकाला, इतरांना दहा मिनिटांचं अंतर. त्याला चाळीस मिनिटं लागली. मार्चचं ऊन डांबरातून वर येत होतं. कुबडीचं रबर तापून मऊ झालेलं हाताला कळत होतं. दोन सायकलवाले थांबले, "सोडू का?" म्हणाले, आणि दोन्ही वेळा तो "नको" म्हणाला, दुसऱ्या वेळी न हसता. आबासाहेब पलंगावर पंचांग डोळ्यांशी धरून बसलेले. "अरे, तू कशाला आलास उन्हाचा? म्या म्हणलं जाऊ दे. एवढ्या लांब जायचं, आन् कशासाठी? उद्या काय झालं तर माझ्या नावावर येईल की, तुला कशाला ताप?"

महिपती दाराच्या उंबऱ्यावर टेकला. घशाला कोरड पडली होती. "आबा," तो म्हणाला, "उद्या मी कुणाला धडकलो तर तुमाला धरत्याल."

"धरू देत. म्हाताऱ्याला काय करत्यात?"

"मी धडकलो तर मला धरलं पायजे."

आबासाहेबांनी पंचांग खाली ठेवलं. मोतीबिंदूच्या पांढऱ्या ढगाआडून त्यांनी आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला. मग म्हणाले, "पेन हाय का?" सही करताना त्यांना ओळ दिसेना. महिपतीनं त्यांच्या बोटाचं टोक धरून टिंबांच्या सुरुवातीला नेऊन ठेवलं. सही टिंबांवरून चढत गेली, जराशी वर, जराशी वाकडी. "खरं सांगू?" सही झाल्यावर ते म्हणाले. "माझ्या नावावर र्‍हायली असती तर वाटलं असतं, आजून मीच फिरवतोय." म्हणजे गाडीच्या पुस्तकातल्या नावाचं मोल त्यांनाही पुरतं कळत होतं, कदाचित म्हणूनच ते आले नव्हते. म्हातारा पाणी आणायला उठला, भिंत चाचपत, आणि महिपतीला पहिल्यांदा वाटलं की आपण कुणाचं तरी काही नेत आहोत, आणि ते फुकट नेत नाही. परत जाताना उशीर होणार हे दिसत होतं, म्हणून त्यानं स्वतः हात करून एक रिक्षा थांबवली. तीनला पाच कमी असताना कागद साहेबांच्या टेबलावर पडले.

गाडीचं पुस्तक पुण्याहून नावावर होऊन यायला महिना लागला. तो महिना तो दर रविवारी इंदापूरला गेला. भीमानं आबासाहेबांच्या अंगणातच चाकं बसवली. साहेबांना चाकांच्या जोडणीचा नकाशा लागेल म्हणून महिपतीनं तो शाईनं काढला, मापं टाकली. शिकाऊ परवाना खिशात आणि भीमा मागं, असं ते बाजाराच्या मोकळ्या मैदानात फिरायचे. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा त्या थरथरीनं तो घाबरला होता. ती थरथर बुडाखालून, पाठीच्या कण्यातून, मनगटांतून गेली आणि उजव्या पायातसुद्धा गेली. त्या पायाला थंडी-ऊन कळायचं, दुखायचं, फक्त हलायचं नाही, आणि आता तोही बाकीच्या अंगाबरोबर एकाच तालात थरथरत होता. एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी पुस्तक हातात आलं. निळं, छोटं. मालक: महिपती म्हस्कू ठोंबरे, मु. निरवांगी, ता. इंदापूर. अक्षर सुलट होतं. इतक्या वर्षांत 'मालक' या शब्दापुढं आपलं नाव त्यानं सुलट तर सोडाच, उलटही कधी पाहिलं नव्हतं.

साहेब बारीक अंगाचे, घामेजलेले, सकाळपासून पन्नास गाड्या बघून कंटाळलेले. चाकं त्यांनी हलवून पाहिली, नकाशा पाहिला. "हा कुणी काढला?"

"मीच, साहेब."

"चांगला आहे." नोंद झाली. मग ते परवान्याच्या अर्जाकडं वळले, महिपतीच्या कुबडीकडं पाहिलं, आणि आवाज एकदम मऊ झाला. "तुम्ही बसा हो सावलीत. मी करतो सही."

"साहेब, चाचणी?"

"तुमची काय घ्यायची चाचणी?"

वाक्यात टोचणारं काही नव्हतं. उलट फार गोड होतं. स्टँडवरच्या त्या दोन हातांसारखंच काखेत येऊन बसलं, आणि महिपतीला जाणवलं की गालावर हसू चढायला लागलंय. ते त्यानं अडवलं. एवढं कष्टाचं काम त्यानं उन्हातून चाळीस मिनिटं चालतानाही केलं नव्हतं. "सगळ्यांची घेता तशी," तो म्हणाला. आवाज मोठा निघाला असावा, कारण रांगेतली माणसं वळली. बापूसाहेबांनी लांबूनच डोळे वटारले: सही मिळतीय ना, मग गप.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नापास केलं तर?"

"करा."

मैदानात चुन्यानं इंग्रजी आठचा आकडा आखलेला होता. पुढं एक ट्रॅक्टरवाला गडी मोटारसायकलच्या परवान्यासाठी आलेला, दुसऱ्या वळणावर पाय टेकून नापास झाला. महिपती निघाला. पहिला वळसा बरोबर झाला. दुसऱ्या वळणावर त्यानं पुढचं चाक अगदी नेमकं रेषांच्या मधोमध ठेवलं, आणि आतल्या बाजूचं बारकं चाक चुना पुसत गेलं. त्याला कळलं. साहेबांनाही कळलं. ते पुसलेल्या चुन्याकडं वाकून बघत होते, आणि तेवढ्यात महिपतीला वाटलं, आता सोडून देतील, आता पुन्हा मऊ होतील, आणि सगळं फुकट जाईल.

"रेषेवर चाक," साहेब म्हणाले. "नापास. पुढच्या कॅम्पला या. पुढचा!"

त्याच कोरड्या, वैतागलेल्या आवाजात, ज्यात त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं होतं. महिपती गाडी बाजूला घेऊन थांबला. छातीत काहीतरी वर वर येत होतं आणि ते रडू आहे की काय याची त्याला भीती वाटली. पण ते रडू नव्हतं. ट्रॅक्टरवाला शेजारी येऊन उभा राहिला. "त्यो दुसरा वळसाच घाण हाय," तो म्हणाला. "माझी तर दुसरी खेप. सायबाच्या आयला..." "सायबाच्या," महिपतीनं मनापासून दुजोरा दिला, आणि दोघांनी टपरीवर उभ्याउभ्या चहा पीत साहेबांना अशा काही शिव्या घातल्या की भीमा हसून हसून खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाबरोबर तरी, कुणाच्याही बरोबरीनं, नापास झाला होता. परतीच्या गाडीत तो लासुर्ण्यापर्यंत एकटाच हसत होता, आणि हे हसू कुणासाठी नव्हतं.

पंधरा दिवस त्यानं आठच्या आकड्याचा अभ्यास केला. खिळ्यांच्या केसमधून मोठ्यातला मोठा 8 काढून समोर उभा केला. पत्रिका बांधायच्या सुतळीनं छापखान्याच्या फरशीवर आकडा मांडला, पुठ्ठ्याची चार चाकांची गाडी कापली आणि ती हातानं फिरवून पाहिली. दोन चाकांचा माणूस वळणात आत झुकतो; त्याची गाडी झुकणारच नाही. म्हणजे इतरांसारखं मधून जाणं हीच चूक. पुढचं चाक बाहेरच्या रेषेला जवळजवळ चाटत न्यायचं, पार पडल्यासारखं वाटेल इतकं बाहेर, तेव्हा कुठं आतलं चाक जागा सोडतं. साहेबांना आकडा जरा मोठा आखा म्हणता आलं असतं. ते त्यानं विचारात घेतलं आणि सोडून दिलं. छापखान्याचे मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय खेळ मांडलाय?" "पुढच्या गुरुवारची सुट्टी पायजे," महिपती म्हणाला. "पुन्यांदा? लागीर झालंय का तुला इंदापूरचं?" पण दिली.

एप्रिलचा चौथा गुरुवार. या वेळी आक्काबाईही आली होती, निरवांगीहून, डोक्यावर पदर ओढून, पडायचाच असला तर आपल्यासमोर पडू दे म्हणून. ती आवाराच्या भिंतीला धरून उभी राहिली. साहेबांनी त्याला ओळखलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. "चला," एवढंच. महिपतीनं बटण दाबलं. पहिला वळसा, बाहेरची रेष, चुना टायरच्या दोन बोटं पलीकडं. मधला छेद. दुसरं वळण आलं तेव्हा सगळं अंग सांगत होतं आत घे, आत घे, बाहेर पडशील. आणि डोकं शांतपणे सांगत होतं, अजून बाहेर. त्यानं डोक्याचं ऐकलं. बारक्या चाकाकडं वळूनही पाहिलं नाही. ते कुठून चाललंय ते त्याला पाठीत कळत होतं, हातातल्या खिळ्याचं अक्षर बोटाला कळतं तसं. वळण सुटलं. गाडी सरळ झाली. साहेबांसमोर येऊन थांबला तेव्हा मागं वळून पाहिलं: चुना जसाच्या तसा.

"पास. पुढचा!" साहेब म्हणाले, कागदावरून मान न उचलता. सही करून पावती फाडून दिली. मग पेन तसंच हवेत ठेवून म्हणाले, "दिवेलागणीनंतर सावकाश. आणि कागद जवळ ठेवत जा. अडवतील."

"अडवू देत, साहेब," महिपती म्हणाला. ते त्यानं इतक्या आनंदानं म्हटलं की साहेबांनी शेवटी मान उचलली.

आक्काबाई भिंतीपासून हलली नव्हती. तिचे डोळे ओले होते, पण ती म्हणाली ते भलतंच. "वळताना लई बाहीर जात हुतास."

"तसंच जायचं असतं, आई."

"मला काय ठावं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा त्याला हात न लावता त्याच्यासमोर उभी राहिली. हातांचं काय करावं ते न कळून तिनं ते पदरात गुंडाळून घेतले. लिंबाखालून बापूसाहेब ओरडले, "तीन खेपा म्हणला हुतास, तीनच झाल्या की रं! उद्यापासनं हितं टेबल टाक माझ्या शेजारी!" भीमा म्हणाला, बारामतीपतोर मागं बसतो. महिपती नको म्हणाला. आईला निरवांगीच्या गाडीत बसवून दे, एवढंच त्याला सांगितलं, आणि निघाला.

बारामतीचा फाटा आला. सुट्टी पूर्ण दिवसाची होती, दोन वाजले होते. तो वळला नाही. का वळला नाही ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं. बावड्याच्या रस्त्याला लागला. कुबडी पायाशी आडवी बांधलेली, हवा शर्टात शिरून पाठीवर फुगा झालेला. उसाच्या बैलगाडीला त्यानं मागं टाकलं. आपण कुणाला तरी मागं टाकलं हे कळायला त्याला थोडा वेळ लागला, मग त्यानं पुढच्या गाडीला मुद्दाम मागं टाकलं. इतक्या वर्षांत तो जिथं जिथं गेला होता तिथं जायला कारण होतं. दवाखाना, शाळा, छापखाना, लग्न, कॅम्प. कारण असावंच लागायचं, कारण प्रत्येक जाण्यापायी कुणाला तरी उठावं लागायचं, थांबावं लागायचं, उचलावं लागायचं. आणि दुसऱ्याला त्रास द्यायचा तर काम तेवढं मोठं असायला हवं. त्यामुळं मोठीच कामं तेवढी त्याच्या वाट्याला आली होती. बावडा मागं गेलं. एका ओढ्यापाशी तो थांबला, काही नाही, पाणी नव्हतं, एक टिटवी होती. ती बघून झाल्यावर पुढं निघाला.

नरसिंहपूरला पोहोचला तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. देवळाच्या पायऱ्या उंच होत्या. त्या चढायचं त्याच्या मनातही आलं नाही. खाली, जिथून नीरा आणि भीमा या नद्या एकमेकींत जातात ते दिसतं, तिथं त्यानं गाडी बंद केली आणि सीटवरच बसून राहिला. एक पाणी गढूळ, एक जरा निळसर, आणि बरंच अंतर दोन्ही शेजारी-शेजारी चाललेली. नारळ-उदबत्तीची पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीनं त्याला न्याहाळलं.

"नारळ देऊ? दर्शनाला आलाय न्हवं?"

"न्हाय, आजी."

"मग अस्थी हायत का कुणाच्या?"

"न्हाय."

"पावना हाय का कोण हितं?"

"कोण न्हाय."

म्हातारीनं पाटी जरा बाजूला सरकवली. आता तिला खरंच उत्सुकता वाटत होती. "मग एवढ्या लांब कशाला आलायसा?"

महिपतीनं हँडलवर कोपर टेकलं. समोर दोन्ही पाणी अजून मिसळत होती. घाई नव्हती.

"उगंच," तो म्हणाला.